कुलूप शाबूत, फाटक आडवं: सीनाकाठच्या एका शेतातलं प्रकरण

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. तात्यांच्या घरची सगळी मंडळी सिद्धेश्वराच्या दर्शनाला सोलापुरात मुक्कामी गेलेली, शेतावर कोणीच नाही. सकाळी सहाला मला फोन आला. "जावयबापू, जरा येऊन बघा. कुलूप जसंच्या तसं हाय आन् फाटक खाली पडलंय."

तात्या म्हणजे माझ्या बायकोचे चुलते. मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला त्यांची दहा एकर काळी जमीन आहे, चार एकर डाळिंब आणि बाकी ऊस. मी फॅब्रिकेशनचं काम करतो, त्यामुळे सासरवाडीत लोखंडाचं काहीही वाकलं की बोलावणं मलाच येतं. हे फाटक मात्र माझ्या हातचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारागिराकडून बनवून घेतलं होतं, आणि तो राग मनात धरूनच मी मोटारसायकल काढली, हे कबूल करतो.

जाऊन पाहिलं तर खरंच तसंच होतं. बारा फुटांचं एका दाराचं पत्र्याचं फाटक शेतात आडवं पडलेलं, एक टोक अजून साखळीला लटकलेलं, साखळीला कुलूप आणि कुलपाला ओरखडासुद्धा नाही. दुसऱ्या बाजूला बिजागरीच्या खांबावर दोन पिना उभ्या, ग्रीस लावलेल्या, रिकाम्या. खुंटीवरची पिशवी काढावी तसं फाटक काढून ठेवलं होतं. विहिरीवरच्या मोटारीची केबल गेली होती आणि मृग बहाराच्या तोडणीचे शेडमधले भरलेले क्रेटही गेले होते.

तात्यांचा मुलगा म्हणाला, एवढं शंभर किलोचं धूड उचलायला सहा-सात जण तरी आले असतील. मला तसं वाटत नव्हतं. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्याजवळ एक दगड होता, त्याच्या कडेवर ताजा घासा, आणि अँगलच्या बुडाला पहारीच्या टोकाची खूण. मोकळं टोक जमिनीवर टेकलेलं असलं की बिजागरीच्या बाजूनं निम्मंच वजन उचलावं लागतं. दगडाचा टेकू देऊन पहार लावली तर ते काम एका माणसाचं. पिना दोन-दोन इंचांच्या होत्या. एकानं पहार दाबली, दुसऱ्यानं दार बाजूला ढकललं, संपला विषय.

फाटकाच्या बिजागऱ्यांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. खांबावर दोन पिना, दोन्ही तोंड वर करून, आणि दाराला दोन बुश, म्हणजे पिनेवर बसणाऱ्या पोकळ नळ्या. बसवायला फार सोपं: दोघांनी दार उचललं, पिनांवर सोडलं, चहा प्यायला मोकळे. पण जे असं बसतं ते तसंच निघतंही. कुलपाच्या बाजूला हजार रुपयांचं कुलूप लावायचं आणि बिजागरीची बाजू उघडी टाकायची, म्हणजे पुढच्या दाराला आगळ आणि मागचं दार सताड.

त्या दिवशी तात्पुरतं काम दहा मिनिटांत झालं. दार परत पिनांवर चढवलं, दोन्ही पिनांच्या डोक्यावर जाड वॉशर ठेवून वेल्डिंगचे टॅक मारले. आता उचललं तरी बुश वॉशरला अडणार. तात्या खूश झाले, चहा आला. पण दार चढवताना मला दुसरंच काही दिसलं होतं, म्हणून जाताजाता ओळंबा मागून घेतला.

कुलपाच्या खांबावर कोयंड्याच्या जागी वेल्डिंगचे तीन व्रण होते, एकाखाली एक. पहिला सगळ्यात वर, दुसरा त्याच्या सव्वा इंच खाली, तिसरा आणखी तितकाच खाली. घराच्या चौकटीवर पोरांची उंची दरवर्षी खुणेनं लिहून ठेवतात ना, तसंच, फक्त उलटं. फाटक लोंबलं की कडी कोयंड्यात बसेना, मग वेल्डिंगवाल्याला बोलवायचं आणि तो कोयंडा कापून खाली लावून जायचा. दोन वर्षांत दोनदा. फाटक का लोंबतंय हे कोणी विचारलंच नाही.

तात्यांचं उत्तर तयार होतं. "उन्हानं वाढतंय लोखंड. आपल्याकडचं ऊन काय कमी हाय का?" सोलापूरचा माणूस कशाचंही खापर उन्हावर फोडतो आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. इथे नाही. पहाटे पंचवीस अंशावर असलेलं लोखंड मे महिन्याच्या दुपारी साठ अंशांपर्यंत तापलं, तरी बारा फुटांत ते दीड मिलिमीटर वाढतं. आपण बोलत होतो अडीच-पावणेतीन इंचांबद्दल.

ऊन दोषी आहे, पण ते लोखंडातून नाही, मातीतून. त्यावर पुढे येतो.

आधी मोजमाप. खांबाला ओळंबा लावला. पाच फूट उंचीत खांब दाराच्या तोंडाकडे अर्धा इंच झुकला होता. तेवढं अपेक्षितच होतं, वजन तिकडे ओढतं. पण शेताच्या आतल्या बाजूला तो सव्वा इंच झुकला होता. मी दोनदा लावून पाहिला. दार बंद असताना आतल्या बाजूला ओढणारं काहीच नाही, मग झुकाव तिकडे जास्त का? तात्यांना विचारलं, फाटक दिवसभर बंद असतं का? ते हसले. उसाची तोड सुरू झाली की तीन-चार महिने ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा, दिवसभर फाटक आत उघडून ठेवलेलं. म्हणजे दिवसाचे दहा-बारा तास शंभर किलोचं वजन खांबाला आतल्या बाजूला ओढत होतं. कुंपणाच्या तारांचा ताण बंद दाराच्या ओढीला थोडा तरी विरोध करतो. उघड्या दाराच्या ओढीला काटकोनात उभी असलेली तार काय विरोध करणार?

आणखी एका तक्रारीचा उलगडा इथेच झाला. साखळी काढली की फाटक आपोआप आत उघडत जायचं. तात्या म्हणायचे, ग्रीस जास्त झालंय. ग्रीसचा काही संबंध नव्हता. खांब ज्या बाजूला झुकलेला असतो त्या बाजूला दाराचं टोक सगळ्यात खाली जाऊ शकतं, आणि दार तिकडेच घरंगळतं.

आता हिशेब. दोन बिजागऱ्यांतलं अंतर तीन फूट, दाराची रुंदी बारा फूट, म्हणजे चौपट. वरची बिजागरी खालचीच्या मानानं जितकी सरकेल त्याच्या चौपट मोकळं टोक खाली येणार. आतल्या बाजूचा पाच फुटांतला सव्वा इंच म्हणजे तीन फुटांत पाऊण इंच, आणि टोकाला तीन इंच. तोंडाकडचा अर्धा इंच म्हणजे टोकाला सव्वा इंच. बुश-पिना घासून दोन्ही मिळून तीन मिलिमीटरची ढिलाई आली होती, तिचे चौपटीनं बारा मिलिमीटर, अर्धा इंच धरा. उरलं दाराच्या चौकटीचं. दोन्ही कर्ण टेपनं मोजले. बारा फूट बाय साडेचार फुटांच्या चौकटीचे कर्ण सारखे यायला हवेत, इथे पाऊण इंचाचा फरक. म्हणजे चौकट टोकाला इंचभर बसली होती. दार बंद असताना एकूण पावणेतीन इंच, उघडं असताना साडेचार. सुरुवातीला दाराखाली चार इंचांची जागा सोडली होती. म्हणून फाटक बंद असताना ठीक दिसायचं आणि उघडताना जमीन नांगरत जायचं. चिखलात अर्धचंद्र कोरला गेला होता, तो मी तात्यांच्या तीन वर्षांच्या नातवाला दाखवला. त्याला तो जास्त आवडला.

चौकट का बसली तेही साधं होतं. आत तिरकी पट्टी होती, पण खालच्या बिजागरीपासून वर मोकळ्या टोकाकडे गेलेली. त्या दिशेची पट्टी वजनानं दाबली जाते, आणि पाऊण-एक इंची पातळ पट्टीला दाब सोसत नाही, ती पोट काढते. काढलंही होतं. पातळ पट्टी किंवा सळई लावायची तर वरच्या बिजागरीपासून खाली मोकळ्या टोकाकडे लावायची, म्हणजे ती ओढली जाते. ओढ सोसण्यात पट्टी दोरीसारखी पक्की. उलट्या दिशेनंच लावायची असेल तर अँगल किंवा पाइप हवा.

हे सगळं तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मग आता काय, नवीन फाटक का?" मी म्हटलं, आधी नवीन खांब. फाटकाचं नंतर बघू. सासऱ्याला बिल कसं लावायचं हा माझा प्रश्न वेगळाच होता.

काम मे महिन्यात धरलं, मुद्दाम. काळी माती तेव्हा काय करते ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. जुन्या खांबाच्या काँक्रीटच्या कडेनं भेग पडली होती, त्यात मी ठिबकच्या नळीचा तुकडा घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली ही माती. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यात ओल टिकते म्हणूनच मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीत पावसाशिवाय येते. पण खांबाच्या दृष्टीनं ती जमीन नव्हेच, दरवर्षी एकदा श्वास घेणारं जनावर आहे. पावसाळ्यात खांबाला कवळ घालून वर उचलते, उन्हाळ्यात सोडून देते, आणि सोडलेल्या जागी खांब वजनाच्या बाजूला कलतो. पुढच्या पावसात तो कललेल्या जागीच आवळला जातो.

जुना खांब खणून पाहिला नाही, पण बाजूनं उकरल्यावर कळलं की अडीच फूटच आत आहे आणि खड्डा वर रुंद, खाली निमुळता. खड्डा खणणारा दमला की असाच होतो. अशा नरसाळ्याला काळ्या मातीनं वर ढकलणं फारच सोपं. शिवाय फाटक तिसऱ्याच दिवशी चढवलं होतं, असं तात्याच बोलून गेले.

घरांच्या पायासाठी या मातीवर उत्तर कधीच सापडलेलं आहे: रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी बुडाशी कंदासारखे फुगीर असलेले काँक्रीटचे खांब विकसित केले, साधारण साडेतीन मीटर खोल. फाटकाला तेवढं कोण करणार? पण त्यातल्या दोन गोष्टी आपल्यालाही घेता येतात: फुगणाऱ्या थराच्या खाली जायचं आणि बूड रुंद करायचं.

आम्हाला साडेचार फुटांवर मुरूम लागला. नशीब. नदीच्या आणखी जवळ गेलो असतो तर लागला नसता. त्यात आणखी एक फूट गेलो आणि बुडाला खड्डा लोट्यासारखा आतून पसरट केला. चार इंची जाड पाइप, साडेदहा फूट लांब, त्याच्या बुडाला अँगलचे दोन तुकडे आडवे वेल्ड केलेले. एक-दोन-चारचं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. वरच्या तीन फुटांत काँक्रीटभोवती मल्चिंग पेपरचा उरलेला तुकडा दुहेरी गुंडाळला, म्हणजे माती फुगली तरी काँक्रीटला धरून वर ओढणार नाही, घसरेल. आणि त्याभोवती हातभर रुंद मुरूम, सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थर धुम्मसानं ठोकून. हा मुरूम महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात काळी माती खांबापासून सुटते तेव्हा जमिनीलगत खांबाला आधार देणारं दुसरं काही उरत नाही.

वरून बारदान गुंडाळून दहा दिवस पाणी. तात्यांच्या मुलाला चौथ्या दिवशी फाटक हवं होतं. मी फोन उचलला नाही.

बंद दाराच्या ओढीसाठी प्रत्येक खांबामागे कुंपणाच्या रेषेत सात फुटांवर आणखी एक पाइप पुरला आणि मुख्य खांबाच्या डोक्यापासून त्या पाइपच्या पायथ्याशी तिरका अँगल टाकला. उघड्या दाराच्या ओढीला याचा उपयोग नाही हे वर आलंच आहे, म्हणून दार पूर्ण उघडतं तिथे टोकाखाली काँक्रीटचा बुटका ठोकळा केला. दार उघडून ठेवलं की टोक त्यावर जरा चढून टेकतं आणि खांबाची सुटका होते. टोकाला चाक लावा असं तिघांनी सुचवलं. पक्क्या रस्त्यावर चाक छान. सीनाकाठच्या ऑगस्टात ते चाक राहत नाही, नांगराचा फाळ होतो.

फाटक मात्र नवीनच केलं, आणि त्यावर आमचं वाजलं. तात्यांना एकच दार, पत्र्याचं, वर भाले, मधे स्वस्तिक असं हवं होतं. मी त्यांना दोन आकडे सांगितले. जुनं दार पत्र्यासह साधारण 105 किलो, रुंदी बारा फूट, म्हणजे वजनाचा मध्य खांबापासून सहा फुटांवर, आणि बिजागऱ्यांत तीन फूट अंतर. वरच्या बिजागरीवरची आडवी ओढ 210 किलो. आता तोंड चौदा फुटांचं करू, कारण दोन ट्रॉल्या जोडून वळताना बारा फूट कमी पडतात, पण सात-सात फुटांची दोन दारं करू, पत्र्याऐवजी जाळी. एक दार चाळीस किलोच्या आसपास, मध्य साडेतीन फुटांवर, बिजागऱ्यांतलं अंतर साडेतीन फूट. ओढ चाळीस किलो. एक पंचमांशसुद्धा नाही. वर वळवाच्या वाऱ्याचं वेगळंच. ताशी साठ किलोमीटरचा झोत त्या पाच चौरस मीटर पत्र्यावर आला की शंभर किलोचा रेटा बसतो. जाळीतून तो बहुतेक निघून जातो. स्वस्तिक लहान करून जाळीवर लावून दिलं. भाले राहिले.

बिजागरीचं काम असं केलं. खाली खांबावर वर तोंड केलेली पिन, तिच्यावर दाराचा बुश, आणि बुशाच्या आत पिनेच्या डोक्यावर बेरिंगचा एक मोठा छर्रा. दाराचं सगळं वजन या छऱ्यावर. वरची पिन उलटी, तोंड खाली. ती एका जाड प्लेटच्या ब्रॅकेटला वेल्ड केलेली आणि ब्रॅकेट खांबाला दोन आरपार बोल्टांनी आवळलेला. बसवताना आधी दार खालच्या पिनेवर उभं करायचं, मग ब्रॅकेट वरून खाली सोडून पिन बुशात घालायची आणि बोल्ट भरायचे. ब्रॅकेट आणि बुश यांच्यात तीन मिलिमीटरच फट. खालची पिन दोन इंचांची. म्हणजे पहार लावून कितीही जोर केला तरी दार तीन मिलिमीटर उचललं जाईल आणि अडेल. नटा आतल्या बाजूला, दुहेरी.

ब्रॅकेट आणि खांबाच्या मधे मी तीन मिलिमीटरच्या चार पॅकिंग पट्ट्या ठेवल्या. हे माझं स्वतःचं खूळ. पुढे टोक खाली आलं तर एक पट्टी काढायची, वरची बिजागरी तीन मिलिमीटर खांबाकडे सरकते आणि रुंदी दुप्पट असल्यानं टोक सहा मिलिमीटर वर येतं. कोयंडा कापायची गरज नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर नटांना टॅक मारून टाकायचा, तोवर नाही.

दोन दारी फाटकाचं दुखणं मधे असतं. एका दाराला खाली जमिनीत जाणारी कडी लागते आणि तिचं भोक चिखलानं भरतं. तिथे काँक्रीटच्या ठोकळ्यात पाइपचा तुकडा बसवला, खालचं तोंड मुरुमात उघडं, म्हणजे काडीनं ढोसलं की चिखल खाली जातो. कुलपावर पाइपचं टोपरं वेल्ड केलं, कटर आत शिरत नाही.

ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा तात्या पहिलं वाक्य बोलले, "कुरकुरतंय." माझीच चूक होती. खालच्या बुशाला पाणी निघायला भोक पाडायचं राहिलं होतं. पावसाचं पाणी आणि गाळ आत साठून छर्रा गंजला होता. बुशाच्या बुडाशी सहा मिलिमीटरचं भोक पाडलं, छर्रा बदलला, ग्रीस भरलं. एका दाराचं टोक आठ मिलिमीटर खाली आलं होतं, दुसऱ्याचं जेमतेम दोन. पहिल्याची एक पट्टी काढली. ज्या बाजूला जास्त बसलं त्या बाजूला ठिबकच्या नळ्या धुऊन काढायचा फ्लश व्हॉल्व्ह आहे, दर फ्लशला तिथे पाणी साठतं. मी पाइप लांब न्यायला सांगितलं. अजून नेलेला नाही.

नातू दाराच्या टोकाला लोंबकळून झोके घेतो. पोर पंधरा किलोचं. टोकाला लोंबकळतं म्हणजे वरच्या बिजागरीवर तीस किलोची जादा ओढ. तात्यांनी मला विचारलं, चालेल का? म्हटलं, चालेल, पण मोठ्या नातवाला पाठवू नका.

जुना खांब उपटायचा राहून गेला. तो आता बाजूला कुंपणात उभा आहे, त्यावर काहीच टांगलेलं नाही, तारसुद्धा नाही. यंदाच्या मे महिन्यात नव्या खांबांना ओळंबा लावला तेव्हा सहज त्यालाही लावला. आतल्या बाजूचा सव्वा इंच आता दीड इंच झाला आहे. तात्या शेजारी उभे होते. म्हणाले, "आता कोण ओढतंय याला?"

मी पायाखालच्या भेगेत पुन्हा नळीचा तुकडा घालून दाखवला.